ऐंशी जागा आणि एकच संधी
नवोदयची निवड परीक्षा, तिची तयारी आणि डहाणू-तलासरीतले पालक

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मूल शाळेत 'जाते', आश्रमशाळेत 'असते' आणि नवोदयला 'लागते'. नोकरीला लागावे तसे. या क्रियापदात पालकांची सगळी समजूत साठवलेली आहे. नवोदय हा त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचा टप्पा नसतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो निकाल असतो, आणि निकाल म्हटला की तयारी आली, शिकवणी आली, तुलना आली. पाचवीतल्या मुलाला या परीक्षेसाठी किती रगडावे, रगडावे की नाही, आणि न रगडणाऱ्या आईबापांनी आपल्या मुलाचे नुकसान केले असे म्हणायचे का, यावर शाळेच्या व्हरांड्यात, लोकलच्या डब्यात आणि लग्नाच्या मांडवात वाद होतात. हा वाद नीट समजून घ्यायचा तर परीक्षेची रचना, तिच्यामागचा विचार आणि ती ज्या प्रदेशात घेतली जाते तो प्रदेश, या तिन्हींकडे एकत्र पाहावे लागते.

शाळा कोणती, दार केवढे

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात निवासी शाळा काढायचे ठरवले. प्रयोग त्याआधीच, १९८५-८६ मध्ये, दोन ठिकाणी सुरू झाला होता: हरियाणातले झज्जर आणि आपल्याकडचे अमरावती. आज देशात साडेसहाशेहून अधिक जवाहर नवोदय विद्यालये आहेत. सहावी ते बारावी शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा भार सरकार उचलते. नववीपासून काही गटांतल्या मुलांकडून दरमहा विकास निधी घेतला जातो, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालची कुटुंबे यांना तोही माफ असतो. अभ्यासक्रम सीबीएसईचा. आपल्या भागासाठीचे विद्यालय पालघरजवळच्या माहीमला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्याआधी ते अखंड ठाणे जिल्ह्याचे होते.

सहावीला प्रवेश मिळतो ८० मुलांना. जिल्ह्यात तालुके आठ, म्हणजे सरासरी काढली तर तालुक्याला दहा जागा. देशभर दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले अर्ज भरतात आणि जागा पन्नास हजारांच्या आसपास असतात. शंभर मुले बसली तर दोन-तीन लागतात. बाकीच्या सत्त्याण्णव मुलांचे काय होते हा प्रश्न आपण पुढे घेऊ.

या ८० जागांची वाटणी अशी. किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांसाठी. एक तृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आरक्षण, मात्र दोन्ही मिळून ५० टक्क्यांच्या मर्यादेत. अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्क्यांची तरतूद झाली. ग्रामीण ठरण्यासाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला, तरी तो शहरी गणला जातो. पाचवी ज्या जिल्ह्यात, अर्जही त्याच जिल्ह्यातून. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. दुसरी संधी नाही.

नियम कागदावर सरळ दिसतात. डहाणूत आल्यावर त्यांना वळणे पडतात. डहाणू ही नगरपरिषद आहे. तेव्हा डहाणू रोड स्टेशनच्या आसपासच्या शाळेतले मूल, त्याचे वडील रिक्षा चालवोत की आई धुणीभांडी करो, शहरी ठरते. त्याची स्पर्धा उरलेल्या जागांसाठी वसई-विरार महापालिकेतल्या मुलांशी लागते. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याच्या आजच्या हद्दीत सुमारे तीस लाख लोक होते आणि त्यांतले बारा लाख एकट्या वसई-विरार शहरात होते. तलासरी गावाची आता नगरपंचायत झाली आहे, आणि जनगणनेनंतर अधिसूचित झालेले शहरी भागही नियमाला शहरीच वाटतात. नियम शब्दशः लावला, तर तलासरीच्या पेठेतल्या शाळेत शिकणारे आणि दोन किलोमीटरवरच्या पाड्यातल्या शाळेत शिकणारे एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात. म्हणून जाणकार पालक तिसरीतच हिशेब करतात आणि मुलाचे नाव गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेत घालतात. याला लबाडी म्हणावे की नियमाची जाण, यावर पालकांत एकमत नाही. मात्र तिसरीत हा हिशेब करण्यासाठी नियम तिसरीतच ठाऊक असावा लागतो, आणि तो ठाऊक असलेली घरे कोणती हे सांगायला नको.

ऐंशी प्रश्नांचा कागद

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची. चाळीस प्रश्न मानसिक क्षमतेचे, वीस अंकगणिताचे, वीस भाषेचे. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमतेच्या भागात अक्षर जवळजवळ नसतेच. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत जुळणारी शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, मालिकेत पुढे काय येईल, आरशात कशी दिसेल, कागद दुमडून भोक पाडले आणि उलगडला तर भोके कुठे दिसतील, अशा प्रकारचे हे प्रश्न. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट.

निम्मे गुण आकृत्यांना देण्यामागे चांगला हेतू होता. भाषा घरागणिक बदलते, पुस्तके घरागणिक बदलतात, पण त्रिकोण सगळ्यांचा सारखाच. तेव्हा ज्याच्या घरी वर्तमानपत्रही येत नाही, त्या मुलाची बुद्धी आकृतीतून दिसेल असा विचार होता. गाव, जात, वर्ग यांचा परिणाम होणार नाही अशी परीक्षा करायची होती.

हा विचार अर्धाच खरा ठरला. आकृतीला भाषा नसते, पण आकृतीच्या प्रश्नाला असते. तुटक रेघ म्हणजे घडी, उभी रेघ म्हणजे आरसा, प्रश्नचिन्ह असलेला चौकोन म्हणजे रिकामी जागा, हे संकेत कोणीतरी शिकवावे लागतात. वारली चित्रांच्या प्रदेशातली मुले आकृत्यांत जात्याच तरबेज असणार, असे बाहेरचे लोक कौतुकाने म्हणतात. ते गोड आहे, पण निरर्थक आहे. लग्नाच्या चौकातला त्रिकोण पाहणे आणि दीड मिनिटात चार पर्यायांतला तिसरा गोल काळा करणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या सरावाने येते, आणि लवकर येते.

इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची शाळा ठरवली जाऊ लागली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. मानसशास्त्रज्ञ फिलिप व्हर्नन यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला शिकवणीचा परिणाम तपासला. बुद्धिमापनाच्या चाचणीत थोड्या तासांच्या सरावाने गुण लक्षणीय वाढतात आणि त्यानंतर वाढ मंदावते, असे चित्र त्या काळच्या अभ्यासांतून पुढे आले. याचा अर्थ असा की सराव अजिबात न केलेले मूल आणि थोडा केलेले मूल यांच्यात मोठी दरी असते. थोडा केलेले आणि वर्षभर घासलेले यांच्यातली दरी त्या मानाने लहान असते. बकिंगहॅमशायरमध्ये २०१३ साली शिकवणीला दाद न देणारी परीक्षा म्हणून नवी चाचणी आणली गेली. शिकवण्या थांबल्या नाहीत. त्यांनी पुस्तके बदलली.

पालक काय म्हणतात

तयारीच्या बाजूने बोलणाऱ्या पालकांचा मुद्दा साधा आहे. शिक्षक, तलाठी, रेल्वेतले कर्मचारी, चिकूच्या वाडीवाले, तारापूरच्या कारखान्यांत पाळी करणारे कामगार हे सगळे त्यांत आले. इंग्रजी शाळेची फी परवडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षकांवर पाच वर्ग. वाढवणच्या बंदराची बोलणी रोज ऐकू येतात, पण त्या बंदरात आपल्या पोराने हमाली करायची की इंजिनिअर व्हायचे, हे कुठे ठरणार? सात वर्षे फुकट शिकायला आणि राहायला देणारी शाळा समोर असताना एक वर्ष खेळ कमी झाला तर बिघडले कुठे? बोईसर-पालघरकडे जाणारी लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत आलेली आहे. मुलाला शनिवार-रविवार शिकवणीला नेणे आता अशक्य राहिलेले नाही.

दुसऱ्या बाजूचे पालक म्हणतात, दहाव्या वर्षी मुलावर शिक्का का मारता? शेजारचा लागला आणि आपला नाही, हे त्याला जन्मभर आठवते. शिवाय अकराव्या वर्षी घर सोडायचे, हेच त्यांना पटत नाही. हे बोलणारी घरे बहुधा अशी असतात की त्यांच्याकडे दुसरा पर्याय थोडाफार तरी असतो.

आणि तिसरा आवाज वादात ऐकूच येत नाही. तलासरी तालुक्यात दहांतले नऊ लोक अनुसूचित जमातीचे आहेत, डहाणूत दहांतले सुमारे सात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी. यांच्यातली कितीतरी मुले सहाव्या-सातव्या वर्षापासून आश्रमशाळेत राहतात. अकराव्या वर्षी घर सोडण्याची हळहळ त्यांच्या वाट्याला येत नाही, कारण ते घर आधीच सुटलेले असते. पाड्यावर राहिलेल्यांपैकी अनेकांचे आईबाप दिवाळी उरकली की वीटभट्टीवर, रेतीवर किंवा गुजरातच्या बाजूला मजुरीला जातात. नवोदयची परीक्षा हिवाळ्यात येते, अर्ज पावसाळ्यात भरायचा असतो. अर्ज ऑनलाइन, त्याला मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र, रहिवासाचा आणि जातीचा पुरावा. जुलैत गुरुजींनी फॉर्म भरला तरी परीक्षेच्या दिवशी मूल भट्टीवर असू शकते. पुन्हा तिसरी ते पाचवी ही सलग तीन वर्षे शाळेत काढल्याची अट आहेच.

भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने जुन्या ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालवल्या, त्या याच कारणाने. शाळेच्या पटावरचे नाव आणि मूल यांची ताटातूट वर्षातले सहा महिने चालते. अनुसूचित जमातीचे आरक्षण आहे हे खरे, पण ते जिल्हाभराचे आहे. सायवनच्या डोंगरातली मजुराची मुलगी आणि पालघरमधल्या आदिवासी अधिकाऱ्याचा मुलगा एकाच कोट्यात मोजले जातात. अधिकाऱ्याच्या मुलाने जागा घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण आरक्षण असूनही दरी उरते ती कुठे, हे यातून कळते.

मुलाकडे जाणारी शाळा

हा वाद डहाणू तालुक्यात चालावा याला एक वेगळा संदर्भ आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, लहान भावंडे सांभाळतात. मग शाळाच अंगणात न्या, कुरणात न्या. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना इथल्या मातीत रुजल्या. मुलाला शाळेच्या मापात बसवण्याऐवजी शाळा मुलाच्या मापाची करायची, हे त्यांचे सूत्र.

नवोदयचे सूत्र उलट आहे. तिथे मुलांमधून मूल निवडायचे. या दोन सूत्रांत एक बरोबर आणि दुसरे चूक असे नाही. खेड्यातल्या हुशार मुलाला उत्तम शाळा मिळावी ही इच्छा महाराष्ट्रात जुनी आहे. पुसेगाव, धुळे, औरंगाबाद येथे निघालेली शासकीय विद्यानिकेतने याच इच्छेतून आली. शिष्यवृत्ती परीक्षेने कित्येक पिढ्यांना आपली हुशारी स्वतःला कळवून दिली. प्रश्न प्रमाणाचा आहे. निवडीची शाळा एक आणि बाकीच्या शाळा दुबळ्या, असे झाले की निवड ही सुटका ठरते. मग आईबाप तिच्यासाठी काहीही करतात.

धोरणकर्त्यांनाही हे कळत नव्हते असे नाही. १९८६ च्या धोरणात या शाळा 'गतिनिर्धारक' असतील असे म्हटले होते. म्हणजे त्यांचा वेग पाहून शेजारच्या शाळाही पावले उचलतील. १९९० साली नेमलेल्या आचार्य राममूर्ती समितीने या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह लावले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई केली, पण त्याच कायद्यात केंद्रीय विद्यालये, नवोदय आणि सैनिक शाळा यांना 'विशिष्ट प्रवर्ग' म्हटले आहे आणि या प्रवर्गाला निवडीची मुभा मिळाली. चाळणी वाईट, पण काही चाळण्या चालतील, अशी ही तडजोड आहे.

मुळ्याचा रस आणि सोडत

चाळणीच बंद केली तर? दक्षिण कोरियाने ते करून पाहिले. तिथे साठच्या दशकात चांगल्या माध्यमिक शाळेत शिरण्यासाठी बारा वर्षांच्या मुलांची प्रवेश परीक्षा असे आणि तिने घरोघरी झोप उडवली होती. १९६४ च्या परीक्षेत एक प्रश्न आला. तांदळाची चिकट मिठाई करताना मोड आलेल्या धान्याऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होते डायस्टेज. पण मुळ्याच्या रसात डायस्टेज असते हे मुलांनी पुस्तकात वाचलेले होते, आणि अनेकांनी मुळ्याचा रस हा पर्याय निवडला. एका प्रश्नावर शाळा हुकली. संतापलेल्या आयांनी मुळ्याचा रस घालून खरोखरच मिठाई शिजवली आणि ती घेऊन त्या शिक्षण खात्याच्या दारात गेल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्या मुलांना प्रवेश द्यावा लागला. पुढे १९६८ मध्ये सरकारने ही परीक्षा रद्द करत असल्याचे जाहीर केले. १९६९ पासून, आधी सोल शहरात, माध्यमिक शाळांचे प्रवेश सोडत काढून होऊ लागले.

मुलांची झोप परत आली, पण स्पर्धा संपली नाही. ती आधी उच्च माध्यमिकच्या आणि मग विद्यापीठाच्या दारात जाऊन बसली, आणि खासगी शिकवण्यांचा तिथला पसारा आज जगाला माहीत आहे. तरीही एक गोष्ट साधली. बारा वर्षांचे मूल त्या ओझ्यातून सुटले, आणि सगळ्यांचीच मुले कुठल्याही शाळेत पडू शकतात म्हटल्यावर सगळ्या शाळांकडे लक्ष देणे सरकारला भाग पडले.

नवोदयच्या ८० जागा सोडतीने द्याव्यात असे सुचवायचे नाही. पण इथे वाद 'शिकवणी लावावी की नाही' एवढ्यावर अडकतो, तो पुढे सरकायला या उदाहरणाची मदत होते. एका पालकाने शिकवणी न लावल्याने स्पर्धा कमी होत नाही, फक्त त्याचे मूल मागे पडते. म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दार अरुंद आहे तोवर रेटारेटी होणारच. तेव्हा करण्यासारख्या गोष्टी दोन उरतात: रेटारेटी कमी अन्यायाची करणे, आणि दारे वाढवणे.

पहिली गोष्ट स्वस्त आहे. सरावाचा मोठा फायदा पहिल्या काही तासांतच मिळत असेल, तर ते तास प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आणि आश्रमशाळेत फुकट मिळाले पाहिजेत. दहा प्रकारच्या आकृत्या, उत्तरपत्रिकेचे गोल, घड्याळ लावून सोडवलेले चार-पाच जुने कागद, आणि गुण कापत नाहीत म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही ही एक सूचना. अनेक शिक्षक जादा तास घेऊन हे आजही करतात. ते शिक्षकाच्या उत्साहावर अवलंबून राहू नये एवढेच. फॉर्म भरण्याचा, दाखल्यांचा आणि परीक्षेच्या दिवशी कासा-सायवनकडून किंवा उधव्याकडून केंद्रापर्यंत मुलांना आणण्याचा भार पंचायत समितीने उचलावा. स्थलांतरित कुटुंबातले मूल परीक्षेपुरते तरी गावी थांबेल अशी सोय करावी. आणि ग्रामीण-शहरी नियम पाचवीत कळून उपयोग नाही, तो दुसरीच्या शेवटी पालकसभेत सांगावा.

दुसरी गोष्ट महाग आहे आणि तीच खरी आहे. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळा आहेत, डहाणूच्या प्रकल्प कार्यालयामार्फत नामांकित इंग्रजी शाळांत मुले पाठवण्याची योजना आहे. ही दारे हवीतच. पण तीही निवडीचीच दारे आहेत. नवोदयला न लागलेली ती सत्त्याण्णव मुले पुन्हा त्याच शाळेत, त्याच दोन शिक्षकांसमोर बसणार असतात. त्यांच्यात ज्यांनी सराव केला, त्यांचे अपूर्णांक पक्के झालेले असतात, उतारा वाचून समजू लागलेला असतो. ते वाया गेलेले नाही. ते वाया जाते कधी, तर सहावीत त्यांना पुढे नेणारे कोणी नसते तेव्हा. शाळेच्या फलकावर 'यंदा नवोदयला लागलेले विद्यार्थी' म्हणून दोन नावे लिहिली जातात. त्याच फलकावर सहावीतल्या किती मुलांना भागाकार येतो हेही लिहिण्याची पद्धत पडली, तर पालकांच्या वादाचा विषय बदलेल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यंदाचे अर्ज भरून झालेले असतील आणि परीक्षेला थोडेच आठवडे राहिले असतील. काही घरांत आकृत्यांचे पुस्तक दिवाळीच्या सुटीतही उघडे असेल. आणि तलासरीच्या काही पाड्यांवर त्याच वयाची मुले आईबापांबरोबर भट्टीकडे जाणाऱ्या टेम्पोत चढत असतील. त्यांच्यापैकी कोणाची बुद्धी किती, हे मोजायला दोन तासांचा कागद आपल्याकडे आहे. पण टेम्पोत चढलेले मूल त्या कागदापर्यंत पोचतच नाही.